विवाह, करपत्रक आणि नागरिकत्वाची शपथ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळवून राहिलेला परदेशी मनुष्य जेव्हा तेथील नागरिकाशी झालेल्या विवाहाच्या आधारावर नागरिकत्वाचा अर्ज करतो, तेव्हा त्याच्यासमोर बसलेला अधिकारी विवाहाचा दाखला पाहून थांबत नाही. मागील तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे तो मागतो, आणि दोघांपैकी कोणाचाही पूर्वीचा विवाह झालेला असेल, तर तो कोणत्या न्यायालयाच्या हुकुमाने संपुष्टात आला याचा दस्तऐवजही मागतो. पतिपत्नींचे सहजीवन, सरकारचा कर आणि राष्ट्राचे सदस्यत्व ही तीन प्रकरणे एकाच मेजावर कशी येऊन पडली, याचा इतिहास पावणेदोन शतकांच्या आसपासचा आहे. आणि त्यात स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचा भाग एवढा मोठा आहे की, तो वगळून आजच्या नियमांचा अर्थ लावू पाहणाऱ्यास ते नियम निव्वळ कारकुनी कटकट वाटल्यावाचून राहणार नाहीत.

१७९० च्या पहिल्या कायद्याने ‘स्वतंत्र गोऱ्या’ परकीयास दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर आणि सद्वर्तनाच्या खात्रीनंतर नागरिकत्व देऊ केले; पुढे ती मुदत पाच वर्षांची झाली, मध्यंतरी १७९८ साली चौदा वर्षांपर्यंत ताणली गेली, आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचावर येऊन जी स्थिरावली ती आजतागायत सामान्य अर्जदाराची मुदत म्हणून चालू आहे. या मुदतीत विवाहाचा प्रवेश झाला तो १८५५ च्या कायद्याने. अमेरिकन नागरिकाशी विवाह करणारी परदेशी स्त्री, ती स्वतः नागरिकत्वास वंशाने पात्र असल्यास, विवाहाच्या क्षणीच नागरिक झाली असे त्या कायद्याने ठरविले. तिला अर्ज नको, मुदत नको, शपथही नको. वरकरणी ही मोठीच उदारता. परंतु पत्नीची राष्ट्रीयता ही पतीच्या राष्ट्रीयतेची केवळ छाया आहे असे एकदा मानले म्हणजे ती छाया उलट दिशेनेही पडणार, हे तर्काला धरूनच होते, आणि तसे ते घडलेही.

राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची कन्या नेली हिने १८७४ साली एका इंग्रज गृहस्थाशी विवाह केला व ती इंग्लंडात राहावयास गेली. तो संसार सुखाचा झाला नाही. पतीच्या निधनानंतर ती स्वदेशी परतली, तेव्हा ज्या राष्ट्राच्या ऐक्यासाठी तिचा पिता लढला होता त्याच राष्ट्राची ती परकीय ठरली होती. १८९८ मध्ये काँग्रेसने खास ठराव करून तिचे नागरिकत्व तिला परत दिले. एवढा वशिला ज्यांच्यापाशी नव्हता अशा असंख्य स्त्रियांच्या बाबतीत काय करावे याविषयी न्यायालयांत व सरकारी खात्यांत एकवाक्यता नव्हती, ती २ मार्च १९०७ च्या कायद्याने निष्ठुरपणे साधली. परकीयाशी विवाह करणारी कोणतीही अमेरिकन स्त्री पतीची राष्ट्रीयता धारण करील, असे त्याच्या तिसऱ्या कलमाने फर्माविले. याच कलमाच्या उत्तरार्धाकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्ष दिले पाहिजे: विवाहसंबंध संपुष्टात आल्यावर, म्हणजे पतीच्या मृत्यूने अथवा घटस्फोटाने, त्या स्त्रीने परदेशी असल्यास एक वर्षाच्या आत अमेरिकन वकिलातीत नाव नोंदवावे किंवा स्वदेशी परत येऊन राहावे, आणि स्वदेशातच असल्यास तेथेच राहणे चालू ठेवावे, म्हणजे तिचे नागरिकत्व तिला परत मिळेल. घटस्फोटाचा हुकूमनामा हाच काही स्त्रियांच्या हाती नागरिकत्वाचा दाखला होता. ज्या समाजात घटस्फोटितेकडे पाहण्याची दृष्टी कठोर होती, त्याच समाजाच्या कायद्याने स्त्रीला सांगितले की, संसार मोडशील तर तुझा देश तुला परत देऊ.

कॅलिफोर्नियाच्या एथेल मॅकेंझी यांनी या कायद्याला आव्हान दिले. त्या जन्माने अमेरिकन, राहत्या घराने अमेरिकन, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या. त्यांचे पती मात्र ब्रिटिश प्रजाजन. १९११ साली कॅलिफोर्नियाने स्त्रियांना मताधिकार दिल्यावर त्या मतदार म्हणून नाव नोंदवावयास गेल्या, तेव्हा आपण विवाहाच्या दिवसापासूनच अमेरिकन उरलो नाही असे त्यांना ऐकावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. परिणामांची कल्पना असूनही स्वेच्छेने केलेला विवाह म्हणजे स्वेच्छेने केलेला देशत्यागच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. तीनच वर्षांनी महायुद्धात या तर्काचे भयंकर रूप प्रकट झाले, आणि अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या व तेथून कधीही न हललेल्या स्त्रियांना, पती जर्मन आहे एवढ्यावरून, शत्रुराष्ट्राच्या प्रजाजन म्हणून पोलिसांकडे नोंद करावी लागली.

१९२० साली स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला आणि मतदार स्त्रियांच्या रोषाची भीती लोकप्रतिनिधींना प्रथमच वाटू लागली. २२ सप्टेंबर १९२२ च्या कायद्याने, जो ओहायोचे प्रतिनिधी जॉन केबल यांच्या नावाने ओळखला जातो, पतीच्या पाठोपाठ आपोआप जाणारी राष्ट्रीयता थांबविली. नागरिकाची परदेशी पत्नी यापुढे स्वतः अर्ज करील. मात्र तिला पाच वर्षांऐवजी एकाच वर्षाचे वास्तव्य पुरेल. विवाहाधारित अर्जदाराची कमी मुदत ही जी आजची सवलत, तिचे मूळ येथे आहे. पण केबल कायद्यात एक विषारी अपवाद ठेवला होता. ‘नागरिकत्वास अपात्र’ अशा परकीयाशी, म्हणजे व्यवहारात आशियाई पुरुषाशी, विवाह करणारी अमेरिकन स्त्री अद्यापही आपले नागरिकत्व गमावीत असे.

या अपवादाची झळ आपल्या लोकांना पोहोचली. मुंबईहून गेलेले पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने १९१० साली कायम ठेवले होते, आणि त्यानंतर अनेक हिंदी गृहस्थांना ते मिळाले. १९१४ मध्ये लॉस एंजेलिस येथे नागरिक झालेले, मुंबई इलाख्यातून आलेले वकील सखाराम गणेश पंडित हे त्यांपैकी एक. परंतु १९२३ च्या फेब्रुवारीत पंजाबी शीख भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात, जो थिंड यांच्या बाजूने स्वतः पंडितांनीच लढविला होता, सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे असे ठरविले, आणि लागलीच सरकारने दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याचे सत्र आरंभिले. आपल्यावरील दाव्यात पंडितांनी जी कैफियत मांडली तीत त्यांच्या पत्नीचा प्रश्न अग्रभागी होता: नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली पत्करली, मालमत्ता केली, अमेरिकन स्त्रीशी विवाह केला, आता ते हिरावले गेले तर जन्मजात अमेरिकन असलेली आपली पत्नीही देशहीन होईल. १९२६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला, आणि त्यानंतर हिंदी नागरिकांवरील हे दावे थंडावले. एका माणसाने, ज्या न्यायालयात तो आपल्या अशिलासाठी हरला होता त्याच न्यायव्यवस्थेत, स्वतःच्या घरासाठी उभे राहून मिळविलेला हा विजय महाराष्ट्रात आजवर पुरेसा सांगितला गेलेला नाही. हिंदी क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांना तेवढे भाग्य लाभले नाही. हिंदी मनुष्याशी विवाह केल्यामुळे आपण देशहीन झालो हे दुःख त्यांनी १९२६ साली जाहीर लेख लिहून अमेरिकन वाचकांसमोर मांडले. तो अपवाद १९३१ साली रद्द झाला. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा दरवाजा मात्र १९४६ च्या कायद्यानेच पुन्हा उघडला.

१९३४ मध्ये पती आणि पत्नी यांना समान लेखून दोघांसाठी तीन वर्षांची मुदत ठरली. १९५२ च्या सर्वंकष कायद्याने तीत एक अट स्पष्टपणे गोवली: त्या तिन्ही वर्षांत अर्जदार आपल्या नागरिक जोडीदारासह वैवाहिक सहजीवनात राहत असला पाहिजे. विवाह कागदावर असून भागणार नव्हते. संसार चालू आहे हे दिसले पाहिजे होते. आता दोन माणसे एका छपराखाली नांदतात की नाही हे सरकारने ओळखावे कसे? त्याचे उत्तर सरकारच्याच दुसऱ्या एका दप्तरात, निराळ्याच हेतूने, चाळीस वर्षांपूर्वीपासून साठत आले होते.

१९१३ साली अमेरिकेत आधुनिक प्राप्तिकर सुरू झाला, तेव्हा व्यक्तीच्या पहिल्या तीन हजार डॉलरांवर कर नव्हता. विवाहितास आणखी एक हजाराची सूट होती, परंतु ती जोडीदार सोबत राहत असेल तरच. सहजीवनाची अट प्रथम अशी करवसुलीच्या कायद्यात अवतरली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे संस्थानासंस्थानांत भेद पडला. टेक्सास, कॅलिफोर्निया यांसारख्या ज्या संस्थानांत स्पॅनिश परंपरेने आलेला पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेचा कायदा होता, तेथील दांपत्यांना पतीची कमाई दोघांत निम्मी निम्मी वाटून कमी दराने कर भरता येई, आणि १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यास मान्यता दिली. अन्य संस्थानांतील दांपत्यांना ही मुभा नव्हती. ही विषमता मिटविण्यासाठी १९४८ साली सर्वच विवाहितांना संयुक्त विवरणपत्र भरून उत्पन्न विभागण्याचा हक्क मिळाला. १९५१ मध्ये अविवाहित परंतु आश्रितांचा सांभाळ करणाऱ्यासाठी ‘कुटुंबप्रमुख’ हा नवा वर्ग निघाला, आणि १९६९ च्या कायद्याने एकट्या माणसावरील अवजड दर उतरविले. विवरणपत्र भरणारा मनुष्य कोणत्या वर्गात मोडतो हे सामान्यतः ३१ डिसेंबर या एका दिवसाच्या स्थितीवरून ठरते. मेरीलँडमधील एका नोकरदार दांपत्याने १९७५ व १९७६ या दोन्ही वर्षांच्या अखेरीस कॅरिबियन बेटांवर जाऊन घटस्फोट घेतला, आणि दोन्ही वेळा पुढील वर्षाच्या आरंभी पुन्हा विवाह केला. कारण दोघांच्या पगारांवर अविवाहित म्हणून कमी कर बसे; परंतु करन्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

या सर्व सुधारणांमागे परदेशी माणसाचा विचार कोणी केलेला नव्हता. परंतु विवरणपत्र खोटे भरल्यास शिक्षेला पात्र होऊ हे मान्य करून सही करावयाचे असते. आणि त्यामुळे, कोणाच्याही मनात नसताना, ते प्रत्येक घराचे वर्षावर्षाचे प्रतिज्ञापत्र बनले.

या करसुधारणांतील एक तरतूद तर नागरिकत्वाच्या अर्जावर थेट येऊन आदळते. १९६९ च्याच कायद्याने, जोडीदाराने टाकलेल्या विवाहित व्यक्तीची, बहुधा मुलांसह मागे राहिलेल्या पत्नीची, कणव येऊन तिला करापुरते अविवाहित मानण्याची सोय केली: मूल आपल्याजवळ असून घराचा निम्म्याहून अधिक खर्च ती चालवीत असेल, आणि वर्षभर (पुढे १९८४ च्या दुरुस्तीने वर्षाच्या शेवटल्या सहा महिन्यांत) जोडीदार त्या घरात राहत नसेल, तर तिने कुटुंबप्रमुख म्हणून विवरणपत्र भरावे. तरतूद न्याय्य आहे. मात्र एकत्र राहत असूनही केवळ कर वाचतो म्हणून, किंवा कोणा अर्धवट माहितीच्या सल्लागाराने सांगितले म्हणून, जो मनुष्य त्या चौकटीत खूण करतो, तो एका सरकारी खात्याला ‘माझा जोडीदार सहा महिने माझ्या घरी नव्हता’ असे लिहून देतो, आणि दुसऱ्या खात्याला ‘आम्ही तीन वर्षे सहजीवनात आहोत’ असे सांगतो. विवाहित असताना अविवाहित अशी खूण करणाऱ्याची गतही तीच. अशा वेळी अधिकाऱ्यापुढे दोनच तर्क उरतात: एक तर सहजीवन खोटे, नाही तर करपत्रक खोटे, पहिल्याने तीन वर्षांची सवलत जाते, दुसऱ्याने सद्वर्तनावर डाग येतो, आणि सद्वर्तनाची अट तर पाच वर्षांच्या सामान्य अर्जदारालाही चुकत नाही. विवाहितांनी स्वतंत्र विवरणपत्रे भरणे हा मात्र तिसरा, पूर्णपणे कायदेशीर मार्ग आहे. त्याने फार तर चार प्रश्न अधिक विचारले जातात.

सद्वर्तनाचा इतिहास तपासला तर घटस्फोटाचा धागा तेथेही सापडतो. न्यूयॉर्कमध्ये १७८७ पासून १९६६ च्या सुधारणेपर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकमेव कारण चाले. ज्यांचे संसार मोडले होते पण ज्यांना हे कारण शाबीत करता येत नव्हते, अशी माणसे नेवाडातील रेनो शहरी जात, जेथे १९३१ पासून सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट मिळे. अथवा मेक्सिकोतून हुकूमनामा आणीत. परत आल्यावर त्यांनी केलेला दुसरा विवाह वैध होता का? परसंस्थानच्या घटस्फोटामागे खरे वास्तव्य होते की नाही हे तपासण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये संस्थानांना दिली, त्यामुळे नेवाडात विवाहमुक्त झालेला मनुष्य आपल्या गावी मात्र पहिल्या पत्नीशी बांधलेलाच राही. परदेशी मनुष्याच्या बाबतीत याचा अर्थ असा होई की, घटस्फोट अवैध म्हणून दुसरा विवाह अवैध, दुसरा विवाह अवैध म्हणून तो संसार व्यभिचार, आणि व्यभिचार म्हणून नागरिकत्व नाही. १९३५ साली वरिष्ठ न्यायालयाने व्यभिचाराच्या कारणावरून अर्ज फेटाळल्याचे उदाहरण आहे. बारा वर्षांनी त्याच न्यायालयासमोर असे काही अर्जदार आले, जे पहिल्या विवाहातून मोकळे होता न आल्यामुळे वर्षानुवर्षे दुसऱ्या जोडीदारासह निष्ठेने, विवाहाविना संसार करीत होते. आणि अशा माणसांना दुर्वर्तनी म्हणता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने १९४७ मध्ये ठरविले. माझ्या मते या संपूर्ण इतिहासात याहून शहाणा निकाल दुसरा नाही, कारण कायद्याच्या अपुरेपणाचे ओझे त्याने माणसाच्या शीलावर टाकले नाही. १९५२ च्या कायद्याने मात्र व्यभिचार हे पुन्हा स्पष्ट शब्दांत अपात्रतेचे कारण केले, ते १९८१ साली उठले. आजच्या नियमावलीत अस्तित्वात असलेला विवाह मोडण्यास कारण होणाऱ्या व्यभिचाराचा उल्लेख उरला आहे, आणि त्याच्या शेजारीच, आश्रितांच्या पोटगीकडे जाणूनबुजून पाठ फिरविण्याचा.

येथे मराठी वाचकास आपल्याकडील परिस्थिती आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ते तत्त्व देशभर नेले, आणि १९७६ मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय झाली. पण विवाह पुण्यात, संसार न्यू जर्सीत आणि घटस्फोट तिसऱ्याच ठिकाणी, असे प्रकार वाढले तसा रेनोचा जुना प्रश्न समुद्रापलीकडून आपल्या न्यायालयांत आला. १९९१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, अमेरिकेतील मिसुरी संस्थानातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट हिंदू पत्नीवर बंधनकारक नाही असा निकाल देऊन, परदेशी हुकूमनामा केव्हा मानावा याची कसोटी घालून दिली. ज्याच्या पहिल्या विवाहाचा शेवट एका देशात मान्य व दुसऱ्यात अमान्य आहे, त्याने नागरिकत्वाच्या अर्जातील पूर्वविवाहाचे कलम भरताना त्या हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची प्रत आणि जोडीदारास नोटीस बजावल्याचा पुरावा हाती ठेवावा, हे वकील वारंवार बजावतात ते याचसाठी.

१९८६ मध्ये खोट्या विवाहांना आळा घालण्यासाठी काँग्रेसने दोन वर्षांच्या सशर्त वास्तव्याची योजना आणली. विवाह नवा असेल तर परवानाही दोन वर्षांचाच; मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी मिळून अट काढून घेण्याची दरखास्त करावयाची, आणि तिच्यासोबत बहुधा संयुक्त करपत्रकाची प्रत जोडावयाची. या कायद्याने एका माणसाच्या सहीत दुसऱ्याचे भवितव्य बांधले गेले, आणि मारझोड सोसणाऱ्या कित्येक स्त्रिया त्या सहीसाठी घरात राहिल्या. १९९० साली सद्भावनेने केलेला विवाह मोडल्यास एकट्याने दरखास्त करण्याचा मार्ग रुंद करण्यात आला; २००० साली छळ झालेल्या जोडीदारास सहजीवनाच्या अटीवाचून तीन वर्षांत नागरिकत्व मागण्याची मुभा मिळाली. जन्मगावापासून सहस्रावधी मैलांवर, पतीच्या व्हिशावर गेलेल्या आणि कागदपत्रे पतीच्याच कपाटात असलेल्या आपल्या मुलींपैकी ज्यांचे पती अमेरिकन नागरिक आहेत त्यांनी ही तरतूद अवश्य ठाऊक करून घेतली पाहिजे; हे मी आग्रहाने लिहितो.

या अपवादांखेरीज स्थिती अशी आहे की, तीन वर्षांच्या मार्गाने केलेला अर्ज मुलाखतीनंतर मंजूर झाला असला, तरी शपथेपूर्वी घटस्फोट झाल्यास तो मार्ग बंद होतो. शपथविधीच्या दारात अर्जदाराच्या हाती दिलेल्या पत्रकात, मुलाखतीनंतर विवाह, वैधव्य, विभक्तता वा घटस्फोट यांपैकी काही घडले का, असा प्रश्न छापलेला असतो, आणि त्याखाली सही करावी लागते. १९०७ साली ज्या घटस्फोटाने स्त्रीला तिचा देश परत मिळे, त्याच घटस्फोटाने आज सवलतीची दोन वर्षे जातात. नागरिकत्वाचा हक्क मात्र जात नाही, कारण कायम वास्तव्याची पाच वर्षे भरल्यावर सामान्य मार्ग त्या व्यक्तीला मोकळाच असतो.

त्या मधल्या काळात जपावयाचे ते करपत्रक. १९८५ पासून ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, धारण करणारा करापुरता निवासी गणला जातो आणि जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब त्याच्याकडून मागितला जातो. विवाह मोडल्यावर वर्ष-दोन वर्षांसाठी माहेरी, नाशिकला किंवा सांगलीला, परतलेल्या कोणी कर वाचविण्यासाठी आपण अनिवासी असल्याचे विवरणपत्रात लिहिले, किंवा तशा समजुतीने विवरणपत्रच भरले नाही, तर त्याने कायम वास्तव्याचा हक्क सोडला असे गृहीत धरण्याची सोय नियमावलीत आहे, आणि ते गृहीत खोडून काढण्याचा भार सर्वस्वी त्याच्यावर पडतो.